काठोकाठ भरलेला पेला

पातळ कागदी पेला, वर झाकण नाही आणि पाणी अगदी काठोकाठ. तो उचलताना भलेभले श्वास रोखतात. सैल धरला तर निसटतो, आवळला तर चेपतो आणि पाणी मनगटावरून थेट बाहीत. या दोन्हींच्या मधली जागा बोटांना बरोबर सापडते, तीही आपल्याला न विचारता.

हिशेब करून पाहू. पेला आणि पाणी मिळून 200 ग्रॅम. एका बाजूला अंगठा, समोर बोटं. त्वचा आणि कागद यांच्यातला घर्षणांक, म्हणजे एकमेकांना धरून ठेवण्याचं माप, 0.5 धरला, तर पेला घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंनी किमान 200-200 ग्रॅम वजनाइतका दाब लागतो. हात साधारण त्याच्या 10 ते 40 टक्के वर देतो आणि थांबतो. स्वीडनमधले संशोधक रोलँड योहानसन आणि योरान वेस्टलिंग यांनी 1984 साली लोकांना एकच वस्तू कधी रेशीम, कधी सँडपेपर लावून उचलायला दिली. रेशमाला पकड घट्ट, सँडपेपरला सैल, वजन तेच. वस्तू केसभर सरकली तरी बोटांच्या पेरांतल्या चेतातंतूंना कळतं आणि सुमारे 70 मिलिसेकंदांत पकड वाढते. ‘अरे, निसटतोय’ हे मनात येण्याआधीच काम झालेलं असतं. थंडीने बोटं बधिर झाली की ही बातमी पोचत नाही. मग हात उगाच करकचून धरतो, आणि तरीही वस्तू पडते.

पण सगळा भार या बातमीवर टाकला, तर हाताला कायम उशीरच होईल. म्हणून तो आधीच अंदाज बांधतो. भरलेली बाटली हातात धरून वर-खाली हलवा. झटक्यासोबतच पकड वाढते, नंतर नाही. भरलेला समजून रिकामा खोका उचलला की हात झपकन वर उडतो, तो याच अंदाजाची फजिती. तळहातावर ट्रे घेऊन त्यावरचा ग्लास दुसऱ्या हाताने स्वतःच उचला: ट्रे जागचा हलत नाही, कारण खालच्या हाताचे स्नायू आधीच सैलावतात. तोच ग्लास दुसऱ्या कुणी उचलला, की ट्रे उसळलाच.

पाणी हाताला पेचात टाकतं, कारण ते स्वतःच्या तालावर हलतं. 7 सेंटीमीटर रुंदीच्या पेल्यात पाणी सेकंदाला साडेतीनच्या आसपास हेलकावे घेतं, म्हणजे एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जायला 0.14 सेकंद. हेलकावा डोळ्यांनी पाहून हात सावरायला 0.2 सेकंद तरी जातात. तोवर पाणी उलट निघालेलं असतं आणि आपली दुरुस्ती त्याला आणखी ढकलते.  त्यात आपण सेकंदाला दोनेक पावलं टाकतो. पावलांच्या धक्क्यांत त्याच्या दुप्पट तालाची थरथरही मिसळलेली असते, म्हणजे सेकंदाला चार. पाण्याच्या तालाच्या फारच जवळ. तेव्हा सावकाश चालावं, मनगट मोकळं ठेवावं आणि पेला काठापासून दोन बोटं रिकामा ठेवावा. हा शेवटचा उपाय सगळ्यात खात्रीचा, आणि तोच कुणी करत नाही.

हाताची खरी परीक्षा मात्र बॉलपेनमधली स्प्रिंग घेते. ती अंगठा आणि तर्जनीच्या टोकांमध्ये उभी धरून हळूहळू दाबा. जोर अगदी किरकोळ, लहान मुलालाही जमेल एवढा. पण अर्ध्यावर येताच ती कमानीसारखी एका बाजूला वाकू लागते. इथे जोर वाढवला तर आणखी वाकते. दाब तेवढाच ठेवून त्याची दिशा बदलावी लागते: पेर किंचित कलवायचं, ती सरळ झाली की पुन्हा जागेवर आणायचं, एवढ्यात ती दुसरीकडे कलते. हे सगळं डोळे मिटूनही करता येतं. उडालेली स्प्रिंग शोधायला मात्र ते उघडावेच लागतात.