फालाचे लखलखीत कान

आज वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं स्मारक बघायला गेलो होतो. पाय दुखायला लागलेले, लेकीची भुणभुण चालू. तेवढ्यात तिला तो दिसला. रूझवेल्टसाहेबांच्या पुतळ्याशेजारी बसलेला फाला, त्यांचा स्कॉटिश टेरिअर! अंगाचं ब्राँझ काळवंडलंय, कान मात्र लखलखीत. येणारा-जाणारा कुरवाळतो ना.

फालाचा जन्म १९४० चा. व्हाइट हाउसमध्ये जो तो त्याला खाऊ घालायचा, शेवटी पोट बिघडलं. मग साहेबांचा हुकूम निघाला, याला माझ्याशिवाय कुणी भरवायचं नाही. (आजोळच्या मोत्यालाही हाच नियम होता. पाळला कुणीच नाही.) १९४४ च्या निवडणुकीत विरोधकांनी उठवलं की फालाला आणायला म्हणे युद्धनौका पाठवली. साहेब सभेत म्हणाले, माझ्यावर टीका करा, पण फालाला मात्र ते सहन होत नाही. सभेत हशाच हशा.

१९४५ च्या एप्रिलमध्ये साहेब गेले. पुढे अमेरिकी सेनानी आयझेनहॉवर समाधीवर पुष्पचक्र वाहायला आले, तेव्हा गाड्यांचे सायरन ऐकून फालाने कान टवकारले. त्याला वाटलं, मालकच आले. साहेबांच्या पत्नी एलेनॉरबाईंनी लिहून ठेवलंय हे.

लेकीला हे सांगितलं. काही बोलली नाही. मागे पळत गेली आणि ते कान पुन्हा एकदा कुरवाळून आली.