नदीकाठच्या घरातली खोली ठरवताना

आमच्या लग्नाचा वाढदिवस ऐन उन्हाळ्यात येतो. लॉबी, लिफ्ट आणि बुफेची रांग यांचा दोघांनाही कंटाळा आला होता, त्यामुळे यंदा हॉटेल नकोच म्हटलं. नदीकाठी कुणाच्या तरी घरातली एखादी खोली, सकाळी त्यांच्याच टेबलावर नाश्ता आणि उरलेला दिवस आपला, एवढंच हवं होतं. तसा बेड अँड ब्रेकफास्ट मिळाला आणि सुट्टी झकास झाली. पण तिथे आपल्याला किती निवांतपणा मिळणार, हे बुकिंगआधीच्या एका फोनवर जवळजवळ ठरून जातं, असं माझं आता ठाम मत झालंय.

जाहिरातीतले फोटो बहुतेकदा नदी दुथडी भरलेली असतानाचे असतात. उन्हाळ्यात पाणी आटतं, काठापासून दूर सरकतं आणि मध्ये नुसते दगडगोटे दिसतात. म्हणून आधी नकाशावर उपग्रहाचं चित्र उघडून घर आणि नदी यांच्यामध्ये रस्ता तर नाही ना, ते बघितलं. मग फोन करून थेट विचारलं, "सध्या खोलीच्या खिडकीतून पाणी दिसतं का?" मालकीणबाई म्हणाल्या, "खालच्या खोलीतून फक्त झाडं दिसतात. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीतून नदी दिसते, पण ती खोली आधीच गेलीय. मधल्या खोलीतून मान थोडी वळवावी लागेल." इतकं खरं सांगणाऱ्या बाई म्हटल्यावर मधली खोली लगेच घेऊन टाकली. बाथरूम खोलीला जोडून आहे की बाहेर, हे विचारायला संकोच वाटतो, पण विचारावं. कितीला पोहोचणार हेही आधी कळवावं लागतं. अशा घरात चोवीस तास रिसेप्शनवर कुणी बसलेलं नसतं. दार उघडणारं माणूस बाजारातही गेलेलं असू शकतं.

नवऱ्याला पोहायचं होतं. पोहोचल्या पोहोचल्या तो टॉवेल खांद्यावर टाकून निघाला, तर बाईंनी त्याला अडवलं आणि आधी नदी दाखवायला घेऊन गेल्या. वळणावर बाहेरच्या अंगाला प्रवाह जोरात असतो, काठ कापला जातो आणि डोह होतो. आतल्या अंगाला वेग मंदावतो, वाळू साचते, पाणी उथळ राहतं. पाण्यात उतरायचं तर तिथेच, आणि वाहत्या पाण्यात सूर मारायचा नाही, कारण तळाला काय आहे ते वरून दिसत नाही. वरच्या अंगाला धरण आहे. वर पाऊस नसला तरी तिथून पाणी सोडलं की नदी थोड्या वेळात चढते. भोंगा वाजला की सामान गोळा करत बसू नका, आधी काठावर या, असं त्यांनी दोनदा बजावलं. रणरणत्या उन्हातही ते पाणी हुडहुडी भरवणारं होतं. जलाशयाच्या खोल थरांपर्यंत ऊन पोहोचत नाही आणि तिथलं पाणी गारच राहतं. धरणातून तेच पाणी खाली सोडलं तर नदीही गार होते. नवरा मोठ्या तोऱ्यात उतरला आणि गुडघाभर पाण्यातूनच परतला. मी फोटो काढलाय.

डासांचं म्हणाल तर वाहत्या पाण्याची फार काळजी करू नये. त्यांना अंडी घालायला साचलेलं पाणी लागतं, म्हणजे काठावरची डबकी, बागेतली भांडी. त्यामुळे खिडकीला जाळी आहे ना, हा प्रश्न नदीच्या अंतराइतकाच महत्त्वाचा. दिवसा उकडलं तरी रात्री थंड, जड हवा उतारावरून खाली दरीत येते, त्यामुळे पातळ शाल उपयोगी पडली.

अशा घरात पाळायच्या गोष्टीही असतात. लाकडी जमिनीवर कुणी चाललं की शेजारच्या खोलीत ऐकू जातं. रात्री उशिरा गप्पा मारायच्या तर आवाज खाली. नाश्त्याची वेळ ठरलेली, आणि टेबलावर समोर अनोळखी माणसं. मला आधी ते जड वाटलं होतं, पण बोलायचं नसेल तर कुणी आग्रह करत नाही. वाढदिवसाचं मात्र आधी सांगून ठेवावं, नाहीतर ऐन वेळी पलंगावर पाकळ्या पसरलेल्या सापडतात आणि मग त्या झटकत बसा. मी फोनवरच म्हटलं होतं, "सजावट काही नको, त्या दिवशी नाश्ता तेवढा उशिरा द्याल का?" त्या हसल्या. त्या सकाळी सगळे उठून गेल्यावर आम्हा दोघांना मागच्या ओट्यावर वेगळं टेबल लावून दिलं. त्याहून चांगली भेट मला तरी सुचत नाही.

निघताना कोपऱ्यातल्या खोलीची चौकशी केली. यंदा तारीख गुरुवारी आली होती, पुढच्या वर्षी ती शुक्रवारी येते. म्हणजे शनिवार-रविवारची गर्दी, शिवाय त्यांची किमान दोन रात्री राहायची अट. मी ऑफिसची रजा मोजत असतानाच नवऱ्याने आगाऊ रक्कम भरून टाकली, आणि पावतीवर खोली कोणती ते लिहूनही घेतलं.