ग्रेट निकोबारमध्ये मेगापोडचे ढिगारे शोधताना

अंदमान-निकोबारमधल्या ग्रेट निकोबार बेटावर अभ्यासासाठी जायचे, तर तयारीचा मोठा भाग कागदोपत्रीच असतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन खात्याची परवानगी आणि आदिवासी संरक्षणाच्या १९५६ च्या विनियमानुसार वेगळा पास, हे दोन्ही हाती आल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. निकोबार मेगापोड हा पक्षी आणि चामडी कासव हे समुद्री कासव, दोन्ही त्या अधिनियमाच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीतले असल्यामुळे, त्यांना पकडणार का, हाताळणार का, नमुने घेणार का, हे अर्जात नेमके लिहावे लागते. मी फक्त निरीक्षणाची परवानगी मागितली. पासाची अट मला कधीच जाचक वाटली नाही. बेटाच्या जंगलात राहणाऱ्या शोम्पेन या आदिवासी लोकांपर्यंत बाहेरचा साधा आजार पोहोचला तरी तो त्यांच्या जिवावर बेतू शकतो.

पोर्ट ब्लेअरहून (आताचे श्री विजयपुरम) ग्रेट निकोबारवरच्या कॅम्पबेल बे या गावापर्यंतचा बोटीचा प्रवास पाचशे किलोमीटरहून अधिक आहे. १९६९ पासून तेथे वसवलेल्या माजी सैनिकांमध्ये महाराष्ट्रातली कुटुंबेही होती, त्यामुळे बाजारात मराठी कानावर पडली आणि मन सुखावले.

खरे काम सुरू झाले ते किनाऱ्यालगतच्या झाडीत. मेगापोड अंडी उबवायला बसत नाही. वाळू, माती आणि पालापाचोळा पायांनी उकरून तो मोठा ढिगारा रचतो आणि कुजणाऱ्या पाल्याची ऊब अंड्यांना मिळते. पिल्लू स्वतःच माती उकरून बाहेर येते आणि आईबापांच्या मदतीवाचून जगू लागते. ढिगारा वापरातला आहे की सोडून दिलेला, हे ओळखायला बरोबरच्या वनरक्षकांनी शिकवले. वरची माती भुसभुशीत आणि ओलसर असेल, तिच्यात रोपटी रुजलेली नसतील आणि ताजे उकरल्याच्या खुणा असतील, तर पक्षी तेथे येतो असे समजावे. मात्र ती उकर अरुंद, तिरकी आणि खोल असेल व शेजारी शेपटी ओढल्याची रेघ असेल, तर अंड्यांच्या शोधात पाणघोरपड येऊन गेलेली असते. पक्षी आणि सरपटणारा प्राणी यांचे नाते त्या हातभर मातीत वाचता येते, म्हणूनच दोघांची नोंद मी एकाच तक्त्यात ठेवली.

वाळूवरच्या मागांचेही तसेच आहे. चामडी कासव पुढचे दोन्ही पाय एकदम रेटत चढते, त्यामुळे त्याच्या रुंद मागाच्या दोन्ही कडा समोरासमोर जुळतात. ऑलिव्ह रिडले या दुसऱ्या समुद्री कासवाचे पाय आळीपाळीने पडतात. हा फरक ओळखता आला की प्राण्याला हात न लावता नोंद पक्की होते.

२००४ च्या त्सुनामीत बेटाच्या दक्षिण टोकाची, इंदिरा पॉइंटची, जमीन चार मीटरहून अधिक खचली, किनाऱ्यालगतचे असंख्य ढिगारे वाहून गेले आणि कासवांच्या वाळूच्या पट्ट्या नष्ट झाल्या. या पट्ट्या पुढे हळूहळू पुन्हा तयार झाल्या. आता गॅलेथिया उपसागरात मोठे बंदर नियोजित आहे आणि तिथल्या अभयारण्याचा दर्जा २०२१ मध्ये काढून घेण्यात आला. हा निर्णय मला अत्यंत चुकीचा वाटतो, कारण हा मेगापोड निकोबार बेटांखेरीज जगात कोठेही आढळत नाही. तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांनी अर्ज पावसाळ्यापूर्वीच द्यावा. चामडी कासवे नोव्हेंबरच्या सुमारास किनाऱ्यावर येऊ लागतात आणि कागदपत्रांना बराच वेळ लागतो.