निघाला की उडाला?

आज लेकीच्या इंग्रजीच्या अभ्यासाला बसले आणि ‘सेट’ या एवढ्याशा शब्दाने माझी पार दांडी गुल केली. सूर्य सेट होतो म्हणजे मावळतो. सिमेंट सेट होतं म्हणजे घट्ट होतं. मोडलेलं हाड सेट करतात म्हणजे बसवतात. इथवर ठीक होतं. मग धड्यात कुणीतरी ‘सेट ऑफ’ केलं, म्हणजे प्रवासाला निघाला. पुढच्याच पानावर परत ‘सेट ऑफ’, पण आता फटाका! लेक वैतागली, “आई, निघाला की उडाला, एक काय ते सांग.”

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत एकट्या ‘सेट’ क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत. मजकूर सुमारे ६०,००० शब्दांचा, म्हणजे अख्खी कादंबरीच की! पुढे ‘रन’ने ६४५ अर्थांनिशी त्यालाही मागे टाकलं. (धावणारच तो.)

मी इंग्रजीला यथेच्छ नावं ठेवत होते, तेवढ्यात कार्टी म्हणाली, “ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, बोललेलं मनाला लागतं. त्याचं काय?”

“गजर लाव आणि झोप.”

“लावू की सेट करू?”