हॉप पास, मांडी नापास

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर हॉकीत परतायची माझी चाचणी झाली. निकाल आधी सांगून टाकते. एका पायावरच्या लांब उडीत डावा पाय उजव्याच्या ९४ टक्के. मांडीच्या ताकदीत ७६. दोन्हीकडे नव्वद लागतात, त्यामुळे सामन्याची परवानगी नाही. फिजिओ मॅडमनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "उड्या छान मारतेस. फक्त गुडघ्याने मारत नाहीस."

डावा एसीएल (गुडघ्यातला आधाराचा अस्थिबंध), बीटीबी ग्राफ्ट (त्याच्या जागी वाटीखालच्या कंडरेतून घेतलेला तुकडा), मग पाय पूर्ण सरळ होईना म्हणून झालेलं रामायण, हे सगळं आधीच्या नोंदींत आलंय. ते रामायण संपलं. टाच आता उजवीइतकीच वर येते, म्हणजे पाय पूर्ण सरळ होतो, आणि मी ते कुणालाही, न विचारता, करून दाखवते. या वेळचा विषय एकच: क्वाड. मांडीचा पुढचा स्नायू. हट्टी आहे.

आधी त्या उडीचं. हॉप टेस्ट पास म्हणजे गुडघा तयार, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. पण दोहाच्या आस्पेतार या क्रीडावैद्यक रुग्णालयात हे मोजून झालंय. लांब उडी घेताना जो जोर लागतो त्यात गुडघ्याचा वाटा जेमतेम १२ टक्के. बाकी काम कंबर आणि घोटा करतात. सरळ वर उडी मारली की गुडघ्याचा वाटा एकतृतीयांशाच्या आसपास जातो. म्हणजे मांडी कमकुवत असली तरी पोटरी आणि पार्श्वभाग मिळून तुम्हाला बरोबरीच्या रेघेपर्यंत पोचवतात आणि टेपवाला खूश. घरी येऊन मी बोटाला खडू लावला आणि भिंतीपाशी एकेका पायावर सरळ वर उडी मारून पाहिली. डाव्याची खूण उजव्याच्या चार बोटं खाली. टेपने जे झाकलं ते भिंतीने दाखवलं.

आणि गंमत म्हणजे त्याच लांब उडीत जमिनीवर टेकताना दोनतृतीयांश काम गुडघ्यालाच करावं लागतं. आपल्या खेळात तेच तर हवंय. हॉकीत पळायला काय, सगळेच पळतात. खरा प्रश्न पूर्ण वेगात येऊन, कमरेत वाकून, स्टिक जमिनीला लावून थांबण्याचा आहे. त्यात मी लेफ्ट हाफ, म्हणजे डाव्या कडेची बचावपटू. समोरचा राइट विंगर, म्हणजे त्यांच्या उजव्या कडेचा आक्रमक, लाइनच्या कडेने बाहेरून निघाला की तो माझ्या रिव्हर्सच्या, म्हणजे स्टिक उलटी करून खेळायच्या डाव्या बाजूला. तिथे डावा पाय लांब टाकायचा, गुडघा खोल वाकवायचा आणि एका हाताने स्टिक पोचवायची. हे सगळं क्वाडच्या जिवावर. तो नसेल तर शरीर वरूनच वाकतं, पाय मागे राहतो आणि विंगर सलाम करून जातो.

आता मोजण्याबद्दल. आयसोकायनेटिक मशीन (पाय ठरावीक वेगाने हलवून ताकद मोजणारं) दर पंधरवड्याला परवडत नाही, म्हणून मी बोहरी आळीतून रद्दीवाल्याकडे असतो तसला लटकता डिजिटल काटा आणला. त्यात सर्वांत मोठा आकडा धरून ठेवायची सोय असलेलाच घ्या, नाहीतर जोर लावताना आकडाही तुम्हीच वाचायचा. एक टोक घोट्याच्या पट्ट्याला, दुसरं मागे पलंगाच्या पायाला. गुडघा ९० अंशांत, हात छातीवर आवळलेले, पाच सेकंद पूर्ण जोर. पट्टा सामान बांधायच्या रॅचेटचा घ्या. वेल्क्रोवाला ताणला जातो आणि आकडा खोटा येतो. मी आधी एका ऑनलाइन दुकानातून 'रिहॅब स्पेशल' म्हणून जो मागवला होता, तो तिसऱ्या ओढीलाच उसवला. नाव लिहीत नाही, पण रंग भडक पोपटी होता.

आकडे: उजवा ४२ किलो, डावा ३२. गुडघ्याच्या सांध्यापासून पट्ट्यापर्यंत ३३ सेंटिमीटर, म्हणजे साधारण १३६ आणि १०४ न्यूटन-मीटर. माझं वजन ५८, तेव्हा किलोमागे २.३ आणि १.८. सगळे जो ३ चा आकडा सांगतात तो मशीनवरचा आहे. तो या काट्याला जसाच्या तसा लावू नका. पण स्वतःचीच स्वतःशी तुलना करायला हा जुगाड पुरतो. क्लिनिकमधलाही आकडा ७६ आणि माझ्या काट्याचाही ७६, याचा मला निकालापेक्षा जास्त आनंद झाला.

टक्केवारीतही एक मेख आहे. तुलना ज्याच्याशी करायची तो 'चांगला' पायसुद्धा एवढे महिने खेळलेला नसतो. तोही खंगतो. त्यामुळे टक्के फुगलेले दिसतात. ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे त्यांना कळकळीने सांगते: आधी दोन्ही पायांचा आकडा लिहून ठेवा. नंतर तोच खरा मापदंड.

मग मांडी वाढत का नाही? व्यायाम तर चालूच आहेत. याचं उत्तर दोन वजनकाट्यांनी दिलं. न्हाणीघरातले असतात तसले दोन काटे शेजारी ठेवायचे, एकेका पायाखाली एक, आणि स्क्वॅट मारायचा. डिजिटल नकोत, ते आकडा स्थिर झाला की तिथेच गोठतात. जुने, सुईचे घ्या. मैत्रिणीने समोर बसून व्हिडिओ काढला. उभी असताना दोन्ही सुया २९ वर. खाली जायला लागले तशी डावीकडची सुई सरकत २२ वर आली, उजवीकडची ३६ वर. आरशात मात्र स्क्वॅट अगदी सरळ दिसत होता. बारबेलवर कितीही वजन चढवलं तरी ते उजव्याच्याच खात्यात जमा होत होतं. बरं, एवढ्यावर थांबत नाही. वजन डाव्यावर बरोबर आणलं तरी शरीर कमरेतून पुढे झुकतं आणि भार गुडघ्याऐवजी पार्श्वभागावर टाकतं. त्यामुळे दोन पायांच्या व्यायामांना सध्या रजा. उरलं ते जुनं, बदनाम लेग एक्स्टेन्शन मशीन. त्यात डाव्याला पळवाटच नाही.

जिममधला दादा लगेच धावत आला. "ताई, एसीएलवाल्यांनी हे करायचं नसतं." त्याचं अगदीच चूक नाही, एके काळी सगळे असंच शिकवायचे. सुरुवातीच्या आठवड्यांत शेवटचे ४५ अंश टाळतात, ग्राफ्टवर ताण येतो म्हणून, आणि हॅमस्ट्रिंग ग्राफ्टवाल्यांना (मांडीच्या मागच्या कंडरेचा तुकडा) वजनही जपूनच वाढवावं लागतं. पण नऊ महिने झालेल्या बीटीबीला हे मशीन नाकारणं म्हणजे क्वाडला उपाशी ठेवणं, हे माझं ठाम मत. मॅडमचंही. बसताना पाठीमागे घडी घातलेली चटई ठेवते, नाहीतर माझ्या उंचीला गुडघा आणि मशीनची खुंटी एका रेषेत येत नाहीत आणि वाटीखाली कळ येते. वर दोन पायांनी उचलायचं, खाली एकट्या डाव्याने चार सेकंदांत सोडायचं. चौथ्या सेटला मांडी अशी थरथरते की शेजारचा माणूस पाण्याची बाटली पुढे करतो.

ज्या दिवशी गुडघा रागावलेला असतो त्या दिवशी बीएफआर, म्हणजे रक्तप्रवाह अंशतः रोखून व्यायाम. मांडीच्या मुळाशी कफ, रक्तप्रवाह पूर्ण थांबवणाऱ्या दाबाच्या सुमारे ८० टक्के दाब, हलकं वजन आणि ३०-१५-१५-१५ आवर्तनं. जळतं भयंकर, पण सांध्यावर भार नाही. यातली माझी एकमेव सूचना: दाबाचा आकडा न दाखवणारे इलॅस्टिकचे स्वस्त पट्टे घेऊ नका. किती आवळलंय हे न कळता रक्तप्रवाह रोखणं हा छंद नव्हे. कफ चढवण्याआधी डॉक्टरांना विचाराच, विशेषतः रक्ताच्या गुठळीचा इतिहास असेल तर.

गुडघा का रागावतो तेही कळलं. मागच्या शनिवारी टर्फवर पाणी मारलेलं नव्हतं. कोरडं टर्फ बूट धरून ठेवतं. पाय वळतो, बूट वळत नाही. मी दिशा बदलायचे ड्रिल तसेच रेटले, दुखलं काहीच नाही, पण रविवारी सकाळी गुडघ्यात पाणी. ते असं तपासतात: पलंगावर पाय पसरून बसायचं, तळव्याने वाटीच्या आतल्या बाजूने दोन-तीनदा वरपर्यंत पुसायचं, मग बाहेरच्या बाजूने खाली हात फिरवायचा आणि आतल्या खळग्याकडे बघत राहायचं. एक छोटीशी लाट आली, कातडीखालून, आणि खळगा भरला. एवढंसं पाणीसुद्धा क्वाडला बंद करायला पुरतं. सांध्यात पाणी आहे म्हटल्यावर मज्जासंस्था त्या स्नायूचा आवाजच कमी करते, मग तुम्ही इच्छाशक्ती कितीही लावा. म्हणजे टर्फवरचा एक वाईट तास आणि त्यापुढच्या जिमचे दोन दिवस वाया. आता नियम: लाट दिसली तर टर्फ नाही. आणि टर्फ कोरडं असेल तर फक्त सरळ धावणं आणि जागेवरची स्टिक.

आता थोडं गोडही. पाणी मारलेल्या टर्फवर, बुधवारी, रिव्हर्सवर आलेला जोराचा पास मी पूर्ण खाली बसून थांबवला. डावा पाय पुढे, डावं मनगट जवळपास टर्फला घासतंय, आणि चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा. उसळला नाही. समोरची पोरगी "पुन्हा?" म्हणाली, तेव्हा मी मुद्दाम नाही म्हटलं. असा एक ठेवून घरी जावं.

कप्तान रोज विचारते. "ताई, नुसतं बाकावर तरी या. शेवटच्या क्वार्टरला पाच मिनिटं खेळा." मोह होतो. रोलिंग सब आहेत, पाच मिनिटं खेळून बाहेर येता येतं, फुटबॉलवाल्यांना हे सुख नाही. भारताच्या श्रीजेशचं उदाहरणही सगळे देतात: २०१७ च्या अझलन शाह स्पर्धेत गुडघा गेला आणि टोकियो, पॅरिस ऑलिंपिकची दोन्ही ब्राँझ त्यानंतरची. पण श्रीजेश गोली, मागे राष्ट्रीय संघाचा फिजिओ, आणि तोही काही महिने बाहेरच होता. त्यापेक्षा मला एसीएल रुग्णांवरच्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासाचे आकडे पटतात. नवव्या महिन्यापर्यंत थांबलेल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचा दर ५१ टक्क्यांनी घटतो. आणि निकष पूर्ण न करता परतलेल्यांपैकी ३८.२ टक्के पुन्हा जायबंदी, पूर्ण करून परतलेल्यांपैकी ५.६. महिने माझे भरलेत. निकष नाही.

परतल्यावर राइट हाफला जावं असं ठरवलं होतं. तिथे विंगर लाइनकडे गेला की फोरहँडला येतो, शेवटच्या क्षणी डावा पाय फेकावा लागत नाही. पण हे लिहिताना कागदावर बाण काढून पाहिले तर वेगळंच दिसतंय: त्याच्यामागे उजवीकडे वळायचं तर डावा पाय रोवूनच ढकलावं लागणार. आधी लंज (पाय लांब टाकणं) होता, आता कट (पाय रोवून दिशा बदलणं). गुडघ्याला कट जास्त महाग. म्हणजे राइट हाफ रद्द, निदान सध्या. लेफ्ट हाफच, पण दोन पावलं आत उभं राहायचं आणि बाहेरची वाट विंगरला देऊन टाकायची? कोच ओरडणार. ओरडू दे.

यातूनच दुसरी कल्पना सुचली. पीसीचं, म्हणजे पेनल्टी कॉर्नरचं पुश-आउट: बॅकलाइनवरून चेंडू आत ढकलणं. एक पाय बॅकलाइनबाहेर, डावा पाय लांब पुढे, गुडघा खोल, पूर्ण भार डाव्यावर. समोर कुणी नाही, वळायचं नाही, वेग माझ्या हातात. म्हणजे जो लंज मला हवाय तोच, स्टिक-चेंडूसकट. मग फक्त पीसीपुरतं मैदानात यावं असंही क्षणभर वाटलं, पण नियम आडवा आला: पीसी दिल्यापासून तो संपेपर्यंत बदली करता येत नाही, जखमी किंवा निलंबित गोलीचा अपवाद सोडून. ठीक आहे, सामन्यात नाही तर सरावात. फर्स्ट रशरचं (पीसीवर गोलकडून सर्वांत आधी धावत जाणारा बचावपटू) मात्र मला या मोसमात कुणी विचारूही नये.

तेव्हा नवा बेत असा. आठवड्यातून दोनदा एक्स्टेन्शन मशीन, एकदा बीएफआर, आणि टर्फच्या दिवशी सुरुवातीलाच पुश-आउट, पाय ताजे असताना. मैत्रीण बाजूने व्हिडिओ घेणार, पुढे जाताना गुडघा बोटांच्या वर येतो की पार्श्वभाग मागे पळतो ते पाहायला. लटकता काटा दर दोन आठवड्यांनी. उजव्याच्या ४२ ला डाव्याचे ३८ आले की मॅडमकडे परत. तोवर कप्तानने रोज विचारत राहावं, उत्तर तेच येईल.

एकच अडचण. डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) टोकावर चेंडू थांबवायला माणूस हवा. रविवारी सकाळी साडेसहाला, पाणी मारून झाल्यावर, कुणी येणार असेल तर कळवा. स्टिक आपापली आणा. माझी साडेसदतीस इंची मी कुणाला देत नाही.