रान एकच, पण गव्हाण वेगळी: माझा अनुभव

शिरूर तालुक्यात, चासकमानच्या कालव्याखाली आमची सव्वादोन एकर जमीन आहे. दोन संकरित गाई आणि एक कालवड होती. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी यायचा आणि सुग्रास पशुखाद्याच्या पोत्यांतच जायचा. म्हणून चाकणच्या शनिवारच्या बाजारातून चार उस्मानाबादी शेळ्या आणल्या. दिवाळीनंतर आमच्या रानात मेंढ्या बसवायला येणाऱ्या धनगरमामांकडून पाच दख्खनी मेंढ्याही घेतल्या.

पैसे घेताना मामा म्हणाले, "पोरा, गाया पुढं अन् मेंढरं मागं ठेव." त्यामागचं शास्त्र मला नंतर उमगलं. गाय जिभेनं वेढून उंच गवत ओढते, मेंढी जमिनीलगतचं खुरटं गवत कुरतडते आणि शेळीची मान वर, बांधावरच्या सुबाभळीकडं नि शेवरीकडं. शिवाय मेंढीच्या पोटातले बहुतेक जंत गाईत तग धरत नाहीत. गवताबरोबर त्यांची पिल्लं गाईच्या पोटात गेली की तिथंच मरतात. अर्ध्या एकर पडकाचे चार तुकडे करून मी जनावरं फिरवत राहिलो. जंताचं औषध सगळ्यांना सरसकट पाजणं थांबवलं. शेळ्या-मेंढ्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची. आतून लाल असेल तर औषध नको, पांढरट दिसली तरच द्यायचं. शेळ्या-मेंढ्यांचे जंत मात्र एकमेकींना लागतात, आणि लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतातला चपटा जंत, गाईलाही सोडत नाही. तो पाणथळ जागेतल्या गोगलगायींतून येतो, म्हणून कालव्याच्या पाझराकडचा तुकडा मी चराईला बंदच केला.

गोठ्याचं काम बिबट्याच्या धास्तीनं आधीच उरकलं होतं. आमच्याकडं उसात बिबट्या असतोच. शेळी-मेंढीमागे दहा चौरस फूट धरून गाईंच्या शेजारी खोपा बांधला आणि चारी बाजूंना नि वरूनही जाळी मारली. नुसतं कुंपण त्याला अडवत नाही.

आमची खरी चूक गव्हाणीत झाली.

गाईंच्या पेंडीत मी रोज खनिज मिश्रण कालवायचो. गाईंनी चघळून ठेवलेला चुरा वाया जाऊ नये म्हणून आई तो संध्याकाळी मेंढ्यांना घालायची. तीन-चार महिने हे सुरू होतं. मेंढ्यांच्या अंगावर तजेला दिसत होता, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. मग लोकर कातरली, आणि त्याच रात्री वळवाचा पाऊस झोडपून गेला. तिसऱ्या दिवशी थोरली मेंढी कोपऱ्यात मान टाकून उभी. डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी काळसर लाल. शेजारी म्हणाले, पान लागलं असेल, म्हणजे साप चावला असेल. संध्याकाळी ती गेली.

डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं. मूत्रपिंडं काळीनिळी पडली होती. त्यांनी विचारलं, "हिला काय घालत होता?" आईनं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गाईच्या मिश्रणात तांबं असतं. गाईला ते लागतं, पण मेंढीच्या शरीरातून जादा तांबं नीट बाहेर पडत नाही. ते यकृतात साठत राहतं आणि अंगावर ताण आला की एकदम रक्तात उतरतं. मग तांबड्या पेशीच फुटतात." म्हणजे विष महिनोन् महिने आत साठत होतं आणि कातरणी-पावसाचं नुसतं निमित्त झालं. शेळी मेंढीपेक्षा जास्त तांबं सोसते, म्हणून शेळ्या वाचल्या. उरलेल्या चौघींना तांबं उतरवायला अमोनियम मॉलिब्डेट आणि सोडियम सल्फेट पाजायला सुरुवात केली. तरी चौथ्या दिवशी आणखी एक गेली.

आई दोन दिवस जेवली नाही. "माझ्या हातानं घातलं रे," एवढंच म्हणत राहिली. चूक तिची नव्हती. पोत्यावर 'गाई-म्हशींसाठी' असं छापलेलं मी रोज बघत होतो, पण त्याचा अर्थ कधी लावला नव्हता.

तेव्हापासून गाईंची गव्हाण दावणीच्या आत घेतली आणि मधे कमरेइतकी भिंत घातली. त्यामुळे शिंगाचा फटका बसून शेळ्या लंगडायच्या, तेही थांबलं. मेंढ्यांसाठीचं मिश्रण वेगळ्या डब्यात असतं आणि डब्याला लाल फडकं बांधलेलं आहे. पोतं घेताना त्यावर मेंढीचं नाव वाचल्याशिवाय मी पैसे देत नाही.

लसी मात्र सगळ्यांच्या एकत्र आखतो. लाळ्या खुरकूत गाय, शेळी, मेंढी कुणालाच सोडत नाही, म्हणून त्याची लस सगळ्यांना एकाच दिवशी. आंत्रविषाराची शेळ्या-मेंढ्यांना पावसाळ्याच्या तोंडावर, आणि पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची, वेगळी.

वाचलेल्या तीनपैकी दोघी या खेपेला व्याल्या. गाईंनी टाकलेला चुरा आई आता थेट खताच्या खड्ड्यात नेऊन टाकते, आणि परतताना घमेलं हौदावर धुऊन घेते.