पंचांग पाहून पक्ष्यांकडे

अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर मी हिवाळ्यात पक्ष्यांची छायाचित्रे काढायला जातो आणि जाण्याचा दिवस ठरवताना कॅमेऱ्याच्या आधी पंचांग हातात घेतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे. त्याप्रमाणे एकादशीला सव्वाआठ आणि द्वादशीला नऊ वाजता पाणी पूर्ण चढलेले असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असल्यामुळे पाणी फारसे वर येत नाही आणि पक्षी दूरच राहतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण मोठे असते खरे, पण ते अकरा-बाराच्या सुमारास येते, तेव्हा ऊन डोक्यावर आलेले असते. म्हणून मला एकादशी-द्वादशीची सकाळच सर्वांत मानवते. किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सूर्य सुरूच्या बनामागून, म्हणजे माझ्या पाठीमागून वर येतो आणि समोरच्या पक्ष्याच्या डोळ्यात प्रकाशाचा ठिपका उतरतो.

हे कळायला मला दोन हिवाळे लागले. पहिल्या वर्षी मी ओहोटीच्या वेळी, चिखल्या आणि तुतवार दूरवर ओल्या वाळूत विखुरलेले असताना, त्यांच्या दिशेने चालत जात असे आणि माझ्या हाती लागत त्या केवळ उडून जाणाऱ्या शेपट्या. एकदा तर भरतीच्या वेळी वाळूवर विसावलेला कुरवांचा (सीगल पक्ष्यांचा) थवा उडताना टिपता यावा म्हणून मी मुद्दाम त्याच्या अंगावर चालून गेलो आणि तो तीन वेळा उठवला. ते छायाचित्र आजही माझ्याजवळ आहे, परंतु मी ते कोणाला दाखवत नाही. पाणी चढले की या पक्ष्यांचे खाद्य पाण्याखाली जाते, त्यामुळे भरतीचे ते दोन-तीन तास हीच त्यांची विश्रांती असते, आणि मी नेमकी तीच हिरावून घेत होतो. लहान वाळू-चिखल्यासारख्या पक्ष्याला उन्हाळ्याच्या तोंडावर हिमालयापलीकडच्या पठारांकडे वीण घालायला जायचे असते, त्याच्या छातीवर विटकरी रंग चढू लागलेला असतो आणि त्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवण्याचे काम तो याच वाळूवर करत असतो. प्रत्येक अनावश्यक उड्डाण त्या साठ्यातून वजा होते. कुरवांना जवळ बोलावण्यासाठी शेव-गाठी उधळणेही मला म्हणूनच पटत नाही.

आता मी पाणी चढण्याच्या दोन तास आधी पोहोचतो, भरतीच्या रेघेच्या थोडा वर गोणपाट अंथरतो आणि पोटावर आडवा होतो. कॅमेरा पक्ष्याच्या नजरेच्या पातळीवर आला, की मागची वाळू धूसर होते आणि पक्षी एकटा उठून दिसतो. कालवफोड्यासाठी मी जास्त काळजी घेतो, कारण त्याचे डोके काळेभोर आणि पोट शुभ्र असते; कॅमेऱ्यावर सोडून दिले तर सकाळच्या उन्हात पोटावरचे पिसांचे सगळे तपशील जळून जातात. त्यामुळे मी प्रकाशमान (एक्स्पोजर) थोडे कमीच ठेवतो. उड्डाणासाठी शटर 1/2000 सेकंदाच्या खाली नेत नाही. पाय स्पष्ट दिसतील असे एखादे छायाचित्र मात्र आवर्जून घेतो, कारण पायात अभ्यासकांनी बसवलेले कडे असेल आणि त्यावरची अक्षरे वाचता आली, तर तो पक्षी कुठून आला हे कळू शकते. घरी परतल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने खारा थर पुसणे हेही कामाचाच भाग आहे.

मार्गशीर्षातल्या एका एकादशीला पाच कालवफोडे पाण्याच्या कडेकडेने चालत माझ्यापासून दहा-बारा पावलांवर आले. त्यातल्या एकाने लांब, लालसर नारिंगी चोच अर्धवट उघड्या शिंपल्यात खुपसली, आतला स्नायू तोडला आणि मांस बाहेर काढले. मी चारच छायाचित्रे घेतली. मग पाणी चढले आणि ते पाचही जण एका पायावर उभे राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपले. मला मान वळवायचीही भीती वाटत होती. साडेनऊच्या सुमारास पाणी उतरू लागले, एकेक जण जागा झाला, पाण्यामागोमाग चालत खाली गेला, आणि शेवटचा दूर गेल्यावर मी उठलो.